निकाल कधी लागतो?

बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. भाचीने फोन करून विचारले, "आत्या, ब्लॉग बंद केलास का?" बंद नाही केला. एकच लेख तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. विषय मरणाचा आहे, आणि तोही ख्रिश्चन मंडळींच्या मरणाचा. वाचणारे म्हणतील, बाईंना अचानक झाले तरी काय! पण त्यात एक घरची गोष्ट अडकली आहे आणि ती सांगायची तर ही आधी सांगावी लागते. ज्यांना इतिहासाच्या तासाचा कंटाळा असेल त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल. (माझे विद्यार्थीही तेच करायचे.)

सुरुवात वसईपासून करते. १९७६ ते १९८४ मी वसईत शिकवत होते. ह्यांची बँक मुंबईत, घर वसईत. तेव्हाची वसई म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, विहिरी, आणि संध्याकाळी चर्चची घंटा. वर्गात हजेरी घेताना डिमेलो, परेरा, लोपीस अशी नावे यायची आणि तीच मुले घरी गेल्यावर अस्सल सामवेदी नाहीतर वाडवळी बोलायची. आमच्या चित्रकलेच्या बाई त्यांच्यातल्याच. माझ्याच वयाच्या. त्यांच्या सासूबाई शेवटपर्यंत तांबडे लुगडे नेसत. आमची दोघींची डब्यातली देवाणघेवाण रोजची, आणि एकमेकींना आम्ही शेवटपर्यंत "बाई" आणि "अहो-जाहो"च करत राहिलो. आजही फोनवर तेच.

१९८१ साली बाईंचे यजमान गेले. सकाळी लोकलने कामाला गेले, दादरला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच कोसळले. चाळिशीही नव्हती. बाईंचे दुःख तर होतेच, पण सासूबाईंचे दुःख वेगळे होते. मुलगा पापनिवेदन न करता गेला. शेवटचा तैलाभ्यंगाचा विधी नाही, धर्मगुरू जवळ नाही. मग आता तो कुठे असेल? त्या रोज संध्याकाळी ओटीवर बसून हाच प्रश्न विचारायच्या, आणि बाई महिन्यामागून महिने पगारातून मिस्सा सांगायच्या. कॅथलिकांमध्ये स्वर्ग आणि नरक यांच्याखेरीज एक तिसरी अवस्था मानतात, पर्गेटरी, म्हणजे शुद्धीची जागा. देवाशी वैर नाही पण पुरता स्वच्छही नाही असा जीव तिथे राहतो, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो.

दोन नोव्हेंबर हा त्यांचा मृतांचा स्मरणदिन. त्या वर्षी मी बाईंबरोबर दफनभूमीत गेले होते. प्रत्येक कबरीवर फुले, मेणबत्त्या, अंधार पडत आलेला, आणि सगळे कसे अगदी शांत. बाई मेणबत्ती लावता लावता म्हणाल्या, "तुमच्यात बरं आहे, बाई. कावळा शिवला की कळतं तरी. आमच्यात काही कळतच नाही."

मी तेव्हा हसले होते.

आता मधली चाळीस वर्षे सोडून देते. पुण्यात बदली, मग पुण्यातली शाळा, निवृत्ती, मुलगा अमेरिकेत. सगळ्यांचे असते तसेच.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये हे गेले. ह्यांना ओळखणाऱ्यांना माहीत आहे, दिवसाचा हिशेब पैशापर्यंत जुळल्याशिवाय हा माणूस बँकेतून उठत नसे. पण घरातला एक हिशेब जुळायचा राहिला होता. १९९७ साली गावचे घर विकले, त्यावरून ह्यांचे आणि धाकट्या भावाचे बिनसले. कोणाचे किती चुकले ते इथे लिहीत नाही. एवढेच सांगते की चूक फक्त भाऊजींची नव्हती. एकवीस वर्षे दोघे भाऊ लग्नामुंजीत एकमेकांना पाठ करून बसले.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या रात्री मी एकटीच होते. रात्री अकराच्या सुमारास हे नीट शुद्धीवर आले आणि दोन वाक्ये बोलले. पहिले होते, "त्याला बोलावून घे." दुसरे पुढे सांगते. मी म्हटले, "बरं वाटलं की बोलावू, आता झोपा." पहाटे सगळे संपले.

दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, हं. समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते. दोन पावले पुढे यायचे, बघायचे आणि मागे जायचे. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." नणंद म्हणाली, "दादा, कशात जीव अडकलाय रे तुझा?" कोणी नातीच्या शिक्षणाचे बोलले, कोणी राहिलेल्या काशीयात्रेचे. अर्धा-पाऊण तास गेला. भाऊजी आले होते. सगळ्यांच्या मागे चपला हातात घेऊन उभे होते. सगळ्यांनी एकेकदा त्यांच्याकडे बघितले आणि नजर वळवली. आणि मी? मला माहीत होते. जगात फक्त मलाच माहीत होते. मी तोंड उघडले नाही. भाऊजी एकेकाळी मला जे बोलले होते ते माझ्या मनात होते, चारचौघांत ह्यांची मान खाली जाईल असेही वाटले, गुरुजी घड्याळ बघत होते. कारणे पुष्कळ सापडतात. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

कावळ्याला काही कळते असे मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. पण ते ओझे कावळ्याचे नव्हतेच.

आता इतिहासाचा तास.

भाच्याने मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिले. 'मोंतायू' नावाचे, मूळ फ्रेंच, ल रुआ लादुरी या इतिहासकाराचे, १९७५ सालचे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मी, शेजारी डिक्शनरी घेऊन दोन महिने वाचत होते. दक्षिण फ्रान्समधल्या डोंगरातल्या खेड्याची ही हकिकत आहे. तिथला बिशप जाक फूर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात गावकऱ्यांची धर्मचौकशी केली आणि त्यांचे जबाब शब्दन् शब्द लिहून ठेवायला लावले, म्हणून आज सातशे वर्षांनी आपल्याला त्यांची भांडणे, लफडी, मेंढरे, सगळे कळते. जबाब देणाऱ्यांत अर्नो जेलिस नावाचा एक माणूस आहे. हा म्हणे मेलेल्यांना भेटायचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मेलेले लोक एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये चालत राहतात, नातेवाइकांना याच्याकरवी निरोप पाठवतात, आमच्यासाठी मिस्सा सांगा म्हणतात, आणि कालांतराने विसाव्याच्या जागी पोचतात. मला वाचताना ओंकारेश्वरच आठवले. बिशपसाहेबांनी मात्र असल्या बोलण्याची गय केली नाही.

पुढे हाच फूर्निए पोप झाला आणि मेलेला माणूस नक्की कुठे असतो याचा निकाल त्यालाच द्यावा लागला. ती कथा मी मग जिथे मिळेल तिथून शोधून वाचली.

मूळ पेच असा. ख्रिस्ती धर्मात न्याय दोनदा होतो असे मानतात. माणूस मरताक्षणी त्याचा एकट्याचा न्याय, आणि जगाच्या अंती ख्रिस्त पुन्हा येईल तेव्हा सगळे मेलेले देहासकट उठतील, तेव्हा सगळ्यांचा न्याय. मला हे शाळेच्या भाषेतच समजते. पेपर लिहून झाला. आता निकाल वर्गाबाहेर पडल्या पडल्या कळतो, की बोर्डाचा निकाल लागेल त्या दिवशी सगळ्यांचा एकदम? आणि एकदमच लागत असेल तर मधल्या सुट्टीत तो मुलगा काय करतो?

१३३१ साली बाविसावा जॉन पोप होता. तेव्हा पोप रोममध्ये नव्हे तर फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावी राहत. वय सत्त्याऐंशीच्या घरात, मूळचा कायद्याचा माणूस. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, त्याने प्रवचनात सांगितले की संतांचे आत्मे अजून देवाला साक्षात बघत नाहीत. ते विसावलेले आहेत, ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या सहवासात आहेत, पण देवाचे खरे दर्शन अंतिम न्यायानंतरच. पुढच्या जानेवारीतल्या प्रवचनात त्याने दुसरी बाजूही सांगून टाकली. पापीही अजून नरकात पडलेले नाहीत, त्यांचीही शिक्षा न्यायाच्या दिवसापासून!

एवढा गहजब झाला म्हणता! वरवर पाहता म्हाताऱ्याचे म्हणणे तर्काला धरून आहे. माणूस म्हणजे आत्मा आणि देह दोन्ही. पाप-पुण्य दोघांनी मिळून केले, मग बक्षीस एकट्या आत्म्याला आधी का? आणि सगळ्यांचे सगळे आधीच ठरून अमलात आले असेल तर शेवटच्या न्यायाला काम काय उरले? बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डच्या लिखाणात त्याला आधारही होता. पण दुसरी बाजू बघा. संतांना अजून देव दिसलाच नसेल तर लोक त्यांच्यापुढे नवस का बोलतात? ते देवाजवळ रदबदली कशी करणार? यात्रा, अवशेष, उत्सव, सगळेच डळमळायला लागले. शिवाय याच पोपने १३२३ साली थॉमस अक्वायनसला संत म्हणून घोषित केले होते, आणि त्या थॉमसचे मत नेमके उलटे, की शुद्ध आत्म्याला दर्शनासाठी थांबावे लागत नाही. दान्ते १३२१ मध्येच वारला होता, पण त्याच्या महाकाव्यात मेलेले सगळे आपापल्या जागी केव्हाच पोचलेले आहेत. लोकांच्या मनातले चित्रही तेच होते.

थॉमस वॉलिस नावाचा एक इंग्रज डोमिनिकन भिक्षू. त्याने १३३३ च्या जानेवारीत आव्हिन्योंमध्येच, पोपच्या नाकासमोर, विरुद्ध प्रवचन दिले आणि थोड्याच दिवसांत तुरुंगात गेला. मो येथील बिशप दुरांदने विरुद्ध लिहिले. म्युनिकमध्ये जर्मन सम्राटाच्या आश्रयाला गेलेला विल्यम ऑकम टपूनच बसला होता, त्याला तर आयतेच कोलीत मिळाले. नेपल्सच्या राजाने या विषयावर ग्रंथ लिहिला. (राजा, आणि ग्रंथ!) फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने डिसेंबर १३३३ मध्ये पॅरिसजवळ व्हॅन्सेनला विद्यापीठातल्या पंडितांना बोलावले, आणि त्यांनी पोपच्या विरुद्ध कौल दिला.

पोपचे म्हणणे, मी हे पोप म्हणून ठरवून दिलेले नाही, चर्चेसाठी मांडले आहे, आधार दाखवा. हे त्याचे वाक्चातुर्य होते की प्रामाणिकपणा, यावर विद्वान वाद घालतात. मला तो प्रामाणिक वाटतो. नव्वदीला टेकलेला माणूस, लवकरच जे आपल्याला कळणार त्याबद्दल खोटे कशाला बोलेल? मात्र वॉलिसला तुरुंगातून सोडायला त्याने घाई केली नाही, हेही खरे.

३ डिसेंबर १३३४ रोजी, अंथरुणाला खिळलेला असताना, त्याने सगळ्या कार्डिनलांना जवळ बोलावले आणि आपले मत मागे घेतले. शुद्ध झालेले आत्मे देहावाचूनही देवाला समोरासमोर बघतात असे कबूल केले. पण कायद्याचाच माणूस तो! देहापासून वेगळ्या झालेल्या आत्म्याच्या स्थितीला जितके शक्य असेल तितके, अशी एक पुस्ती त्याने जोडलीच. दुसऱ्या दिवशी वारला. ते कबुलीपत्र त्याच्या हातून जाहीर व्हायचे राहिले. ते जाहीर केले त्याच्या जागी आलेल्या पोपने, म्हणजे आपल्या फूर्निएने. आता त्याचे नाव बारावा बेनेडिक्ट.

इथे मी पुस्तक मिटले. खरेच सांगते, त्या दिवशी पुढे वाचवले नाही. त्या म्हाताऱ्याच्या उशाशी सगळे कार्डिनल होते. आमच्या ह्यांच्या उशाशी मी एकटी. आणि मी सहा वर्षे ते कबुलीपत्र दाबून बसले होते.

असो. फूर्निएचा निकाल सांगून टाकते. २९ जानेवारी १३३६ रोजी त्याने पक्के ठरवून दिले की शुद्ध आत्मे मृत्यूनंतर लगेच, आणि ज्यांची शुद्धी बाकी आहे ते शुद्धी झाल्यावर, अंतिम न्यायाची वाट न बघता देवाचे साक्षात दर्शन घेतात. घोर पापात मेलेले लगेच नरकात जातात. तरीसुद्धा न्यायाच्या दिवशी सगळ्यांनी देहासह ख्रिस्तासमोर उभे राहायचेच. थोडक्यात, निकाल लगेच लावला आणि पदवीदान समारंभही कायम ठेवला. कॅथलिक चर्च आजतागायत हेच मानते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींना मात्र ते इतके चौकटीत बसवणे पटले नाही. १४३८-३९ मध्ये फेरारा आणि फ्लॉरेन्सला दोन्हीकडचे बसले तेव्हा पर्गेटरीवरून पुष्कळ वाजले.

आणि वाद मिटला म्हणता? दोनशे वर्षांत ल्यूथर आला. त्याने पर्गेटरी मोडीत काढली आणि अनेक ठिकाणी मरणाला झोप म्हटले. डोळा मिटला आणि उघडला की न्यायाचा दिवस, मधली शतके झोपलेल्याला कळणारच नाहीत. १५४२ मध्ये त्याची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना गेली. ती सुखात आहे हे ठाऊक असूनही इतके दुःख व्हावे याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले होते, अशी नोंद आहे. मला ल्यूथरबद्दल फार प्रेम नाही, तो शिव्या फार देतो, पण ती नोंद वाचून मी त्याला पुष्कळ माफ केले. उलट काल्व्हिनने पंचविशीतच, १५३४ मध्ये, आत्मा झोपत नाही हे सांगायला एक पुस्तक लिहिले. त्याला ग्रीक नाव असे दिले की ज्याचा अर्थ आत्म्याचे जागरण, आणि पुढे लोक तोच शब्द आत्म्याच्या झोपेसाठी वापरायला लागले! अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी तर हिशेब करून तारीखच काढली, २२ ऑक्टोबर १८४४. माणसे वाट बघत बसली आणि नेहमीसारखी सकाळ झाली. त्यांच्यातल्या काहींनी पुढे असे मानले की त्या दिवशी स्वर्गात न्यायाची छाननी सुरू झाली. तेच सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट. पुणेकरांना सांगायचे तर स्पायसर कॉलेजवाले. त्यांच्या मते मेलेला झोपलेला असतो आणि छाननी अजून चालू आहे.

आमच्या सोसायटीत नगरचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, प्रॉटेस्टंट, वडील पाळक होते. त्यांना मी हे सगळे ऐकवले. ते म्हणाले, "बाई, आम्ही मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाही. पत्र पेटीत टाकलं की टाकलं." पण मग त्यांनीच मला एक गंमत दाखवली. येशूच्या शेजारी क्रुसावर एक गुन्हेगार होता, त्याला येशू सुखलोकाचे आश्वासन देतो. त्या वाक्यात 'आज' असा शब्द आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नसत. स्वल्पविराम 'आज'च्या आधी दिला तर तो आजच सुखलोकात जाणार. नंतर दिला तर येशू आज फक्त सांगतो आहे, जाणे केव्हा ते त्याचे तो जाणे. बहुतेक भाषांतरे स्वल्पविराम आधी देतात, ॲडव्हेंटिस्ट मंडळी नंतर. चौतीस वर्षे मी मुलांचे स्वल्पविरामाचे अर्धे-अर्धे गुण कापले, पण एका स्वल्पविरामावर एवढे अवलंबून असेल असे वाटले नव्हते.

(१९५५ मध्ये ऑस्कर कुलमान या धर्मपंडिताने हार्वर्डला एक व्याख्यान दिले. अमर आत्मा ही कल्पना ग्रीकांची, नव्या कराराची शिकवण मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची, असे त्याचे म्हणणे. त्यावर लोक इतके चिडले की आपल्या दुसऱ्या कुठल्याही लिखाणावर असा राग ओढवला नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे विसाव्या शतकातही तेच!)

आपण त्यांना हसू नये. सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते, "बाई, आजोबा पुन्हा जन्माला आले असतील तर पितृपक्षातली खीर कोण खातं?" मी त्याला खाली बसवले होते. उत्तर नव्हते म्हणून बसवले. आपल्याकडे गरुडपुराणातला वर्षभराचा प्रवास आहे, चित्रगुप्ताची वही आहे, तीन पिढ्यांचे पितर आहेत आणि शिवाय पुनर्जन्म आहे. सगळे एकदम. कठोपनिषदात नचिकेताने हाच प्रश्न खुद्द यमाला विचारला, तर यमही आधी म्हणतो की दुसरे काहीतरी माग. आपण भांडलो नाही एवढेच. सगळे एकाच फडताळात ठेवून दिले आणि दार लोटून घेतले.

पुस्तक मिटल्यावर मी वसईला बाईंना फोन केला. इतक्या वर्षांत त्यांना कावळ्याची गोष्ट सांगितली नव्हती, ती सांगितली. हॉस्पिटलचीही सांगितली. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी अजून दर वर्षी मिस्सा सांगते. त्रेचाळीस वर्षं झाली. मुलगा म्हणतो, आई, बाबा केव्हाच पोचले असतील, आता कशाला? मी म्हणते, पोचले असतील तर दुसऱ्या कोणाच्या कामी येईल." आणि मग शाळेतल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं मात्र मिस्सेचं काम नाही, बाई. तुम्हाला रिक्षा करून जायचंय."

२०२४ च्या जूनमध्ये मी चिंचवडला गेले. न कळवता. भाऊजी आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, ऐकू कमी येते. जाऊबाई चहा टाकायला आत गेल्या. मी म्हटले, "भाऊजी, शेवटच्या रात्री ह्यांनी तुमची आठवण काढली होती. 'त्याला बोलावून घे' म्हणाले. मी बोलावलं नाही. मला वाटलं, सकाळी बोलावू. आणि नंतर सांगितलंही नाही."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "आणखी काय म्हणाला?"

इथे मला मोह झाला होता, लपवत नाही. दुसऱ्या वाक्यातले एक अक्षर गाळले असते तर ते जास्त चांगले झाले असते. पण मराठी शिकवण्यात जन्म गेला. म्हटले, जसे आहे तसेच पोचवायचे.

"'माझंही चुकलं', असं म्हणाले."

भाऊजींना नीट ऐकू गेले नाही असे वाटून मी पुन्हा मोठ्याने सांगितले. जाऊबाई कप घेऊन दारात थांबल्या होत्या.

"माझं'ही'?" भाऊजी म्हणाले.

"हो."

ते बघतच राहिले, आणि मग हसायला लागले. इतके, की खोकला आला, डोळ्यांतून पाणी आले, जाऊबाईंनी पाठीवर हात फिरवला. "म्हणजे 'ही' नाही सोडला त्याने! शेवटपर्यंत नाही सोडला!" चहा झाल्यावर आत जाऊन त्यांनी एक जुना फोटो आणला, गावच्या घरासमोरचा, दोघे अर्ध्या चड्डीत. तो मला दिला नाही, नुसता दाखवला आणि परत ठेवून आले.

त्या वर्षी पितृपक्षात ह्यांच्या तिथीला भाऊजी आणि जाऊबाई आमच्याकडे जेवायला होते. गच्चीत पान ठेवले होते. कावळा आला की नाही ते बघायला कोणी गेले नाही, कारण पाऊस होता.

हे सगळे भाऊजींना वाचून दाखवूनच इथे टाकते आहे. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. घर विकल्याचे साल मी १९९८ लिहिले होते. ते १९९७.